पेवांतला कंदील

ज्या गोष्टीवांचून मनुष्याचा चार-पांच मिनिटेंही निभाव लागत नाहीं, तिच्याविषयींच त्याचें अज्ञान सर्वांत गाढ असावें, हा सृष्टीचा एक चमत्कारच म्हणावयाचा. अन्नाविषयीं आपण दिवसभर बोलतों. पाण्याविषयीं तर आमच्या मराठवाड्यांत उन्हाळ्याचे चार महिने दुसरा विषयच नसतो. श्वासाविषयीं बोलण्याची पाळी मात्र बहुधा वैद्यासमोर येते, आणि तेव्हां बोलण्यापुरताही श्वास उरलेला नसतो. आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें जालन्याच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. प्राण, निःश्वास, उसासा हे शब्द आम्हीं कवितेच्या तासाला इतक्या वेळां उच्चारले आहेत कीं त्यांची मोजदाद नाहीं. तथापि हवा नाकांतून आंत जाते आणि पुन्हा बाहेर येते, यापलीकडे त्या व्यवहाराचें आम्हांस कांहींएक ज्ञान नव्हतें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. त्या अज्ञानाची किंमत आम्हांला द्यावी लागली नाहीं. ती आमच्या वडील बंधूंना द्यावी लागली. म्हणून हा लेख.

आमचें मूळ गांव घनसावंगी तालुक्यांत, समर्थ रामदासांच्या जांबेपासून फारसें लांब नाहीं. जुन्या घराच्या अंगणांत एक पेव होतें. आजच्या मुलांना पेव म्हणजे काय हें सांगावें लागतें, म्हणून सांगतों. जमिनींत खोल खणलेला, तोंडाशीं अरुंद आणि पोटांत रुंद असा तो खड्डा; त्याला आंतून कडब्याचें व भुशाचें अस्तर लावावयाचें, त्यांत ज्वारी भरावयाची, आणि तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपून टाकावयाची. पुढें गरज पडेल तेव्हां तें उघडावयाचें. या उघडण्याचा एक विधि असे. दगड काढल्यावर आजोबा कोणालाही लगेच आंत उतरूं देत नसत. बराच वेळ तोंड मोकळें ठेवावयाचें, मग दोरीला कंदील बांधून तो सावकाश खालीं सोडावयाचा. ज्योत तळापर्यंत तेवत राहिली तर माणूस उतरे. ती मंदावली किंवा विझली तर कंदील वर ओढून पुन्हा वाट पाहावयाची.

आम्ही तेव्हां आठ-नऊ वर्षांचे होतों. दादा आमच्याहून सात वर्षांनीं मोठे. कंदिलाची दोरी धरण्याचा मान त्यांचा. एकदां अर्ध्यावरच ज्योत विझली. दादांनीं पेवाच्या तोंडाशीं वांकून हुंगून पाहिलें आणि म्हणाले, “आजोबा, मला तर कसलाच वास येत नाही. उतरू का?” आजोबांनीं त्यांचा दंड धरून त्यांना मागें ओढलें. “नाकावर जाऊ नको पोरा, दिव्यावर जा. दिवा खोटं बोलत नसतो.” 

आजोबांना रसायनशास्त्र येत नव्हतें. पण त्यांचें म्हणणें अक्षरशः शास्त्रशुद्ध होतें. पेवांतलें धान्य मेलेलें नसतें. प्रत्येक दाणा मंदपणें श्वास घेत असतो. कोंडलेल्या हवेंतला प्राणवायु तो घेतो आणि कर्बद्विप्राणिद वायु बाहेर टाकतो. हा दुसरा वायु हवेहून जड असल्यानें तळाशीं सांचून राहतो. त्याला रंग नाहीं, आणि नाकाला जाणवेल असा वासही नाहीं. मोकळ्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. तो १६ च्या आसपास उतरला कीं दिव्याची ज्योत विझते. मनुष्य मात्र त्याच्या बराच खालीं जाईपर्यंत आपल्या पायांवर उभा असतो, आणि मग एकाएकीं कोसळतो. म्हणजे दिवा माणसाच्या आधीं मरतो, व मरतां मरतां माणसाला सावध करून जातो. ज्योत आणि श्वास हीं एकाच कुळांतलीं आहेत, ही गोष्ट लाव्हाझिए या फ्रेंच रसायनज्ञानें लाप्लासच्या साह्यानें १७८० नंतरच्या चार-पांच वर्षांत प्रयोगानें दाखवून दिली: मेणबत्ती जळते तेव्हां जें घडतें, तेंच प्राण्याच्या देहांत सावकाश आणि ज्वाळेवांचून घडत असतें. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या गदारोळांत त्याचा शिरच्छेद झाला. आमच्या आजोबांनीं त्याचें नांवही ऐकलेलें नसावें. पण दोघांचाही भरंवसा दिव्यावर होता.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. दिवस रामनवमीचा होता. तारीख २१ एप्रिल २०२१. एरव्हीं समर्थांचा हा जन्मदिवस म्हणजे आमच्या भागांत केवढा उत्सव! त्या वर्षीं करोनाच्या दुसऱ्या लाटेमुळें व टाळेबंदीमुळें रस्ते ओस पडले होते. दादांना चार दिवस ताप येत असल्याचें कळलें, म्हणून आम्ही आदल्या रात्रीं गांवीं जाऊन पोहोंचलों होतों. सकाळीं आशाताई आल्या. सप्टेंबर २०२० मध्यें ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या सरकारी मोहिमेंत या बायकांनीं घरोघर हिंडून लोकांच्या बोटांना एक लहानसा चिमटा लावून पाहिला होता. तो ऑक्सिमीटर त्यांनीं दादांच्या बोटाला लावला. आंकडा आला ८६. त्या म्हणाल्या, “भाऊ, यांना आजच्या आज दवाखान्यात न्या. इतकं खाली गेलं की थांबायचं नसतं.”

आम्हीं दादांकडे पाहिलें. ते ओसरीवर मांडी घालून बसले होते, आणि मोसंबीच्या बागेला पाणी केव्हां द्यावयाचें हें गड्याला समजावून सांगत होते. त्यांचें एकही वाक्य मध्यें तुटत नव्हतें. “मला काय झालंय बापू? दम बी लागंना. उगं जिवाला घोर लावून घेऊ नको.” तेव्हां आम्हीं, म्हणजे विद्यापीठाच्या दोन पदव्यांच्या धन्यानें, निकाल दिला कीं माणूस इतका स्वस्थ बोलत आहे, त्या अर्थीं दोष यंत्राचाच असला पाहिजे, सेल उतरले असतील, किंवा शेतकामानें राठ झालेल्या बोटांतून उजेड नीट जात नसेल. आशाताईंनीं वाद घातला नाहीं. तोंडावरचा पदर सारखा करून, वहींत कांहीं लिहून, त्या पुढच्या घरीं गेल्या.

दिवेलागणीला दादा चहाची कपबशी उचलूं लागले आणि ती त्यांच्या हातांतून निसटली. ओंठांवर जांभळट छटा आली होती. बोलणें असंबद्ध झालें होतें. आम्हीं आशाताईंना निरोप धाडला. आतां आंकडा होता ७४. रात्रीं साडेदहाला जालन्यांत एका रुग्णालयांत खाट मिळाली. सकाळच्या आठांपासून रात्रींच्या साडेदहापर्यंत साडेचौदा तास होतात. ते आम्हीं आमच्या तर्कशास्त्राच्या पायीं खर्चीं घातले. त्याच दिवशीं नाशिकच्या एका रुग्णालयांत टाकींतून प्राणवायु गळून वीसहून अधिक रुग्ण दगावल्याची बातमी आली होती. एका ठिकाणीं तो वायु धुरासारखा अंगणांत वाहून जात होता, आणि दुसऱ्या ठिकाणीं त्याच्या एका नळकांड्यासाठीं माणसें हात जोडून उभीं होतीं. रुग्णालयाच्या पायरीवर बसलों असतां आम्हांला आजोबांचा शब्द आठवला. त्या सकाळीं दादा पेवाच्या तोंडाशीं उभे होते. कंदील विझलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला होता, आणि तरीही त्यांना आंत उतरूं दिलें होतें.

पुढील अकरा दिवसांत आमच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनीं आमची शिकवणी घेतली. दूरध्वनीवरून, रात्रीं-अपरात्रीं. या सद्गृहस्थाच्या विषयाला आम्ही पूर्वीं विनोदानें बेडूकशास्त्र म्हणत असूं. त्यांनीं तो विनोद मनांत ठेविला नाहीं. त्यांच्याकडून जें समजलें तें थोडक्यांत असें.

आपण एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतों. तींतली सुमारें दीडशें मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या वाटेवरच राहते व कांहीं काम न करतां परतते. उरलेली साडेतीनशें खोल जाते. श्वासनलिकेला फांद्या, फांद्यांना डाहळ्या, असे वीसहून अधिक फाटे फुटत शेवटीं द्राक्षांच्या घडांसारखे बारीक वायुकोश लागतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी भरते. ते उलगडून पसरले तर सत्तर चौरस मीटर, म्हणजे सुमारें साडेसातशें चौरस फूट जागा व्यापतील. एवढें अंगण देवानें छातीच्या पेटींत घडी करून ठेविलें आहे! प्रत्येक कोशाभोंवतीं केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें असतें. हवा आणि रक्त यांच्यामध्यें जो पडदा असतो, त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आमच्या ओसरीचा आणि रस्त्याचा संबंध जितका जवळचा नाहीं, तितका आपल्या रक्ताचा आणि बाहेरच्या जगाचा आहे.

या पडद्यांतून देवघेव कशी होते? कोणी हमाल हा वायु उचलून आंत नेतो आणि तो वायु बाहेर टाकतो, असें मुळींच नाहीं. पाणी जसें उंचावरून सखल जागीं जातें, तसा प्रत्येक वायु आपला दाब जेथें अधिक तेथून जेथें कमी तेथें आपोआप पसरतो. समुद्रसपाटीवर कोशांतल्या हवेंत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारें १०० मिलिमीटरइतका असतो. शरीरभर हिंडून थकून आलेल्या रक्तांत तो ४० असतो. म्हणून प्राणवायु आंत शिरतो. उलट त्या रक्तांत कर्बद्विप्राणिदाचा दाब ४६ आणि कोशांत ४०. म्हणून तो बाहेर पडतो. एकाला साठांचा उतार आणि दुसऱ्याला अवघा सहांचा, असें असूनही दोन्ही बाजूंचा व्यवहार जमतो. कारण कर्बद्विप्राणिद त्या ओलसर पडद्यांतून प्राणवायूच्या सुमारें वीस पट सहजतेनें पार होतो. तांबडी रक्तपेशी या कोशाच्या दारांत पाऊण सेकंद थांबते. तिचें काम पाव सेकंदांतच होतें. उरलेला अर्धा सेकंद ही निसर्गानें ठेविलेली शिल्लक आहे.

या प्रकरणाचा इतिहास सांगतांना आमच्या मित्रानें एक गोष्ट सांगितली. अध्यापकाच्या पेशाला ती फार लागू असल्यामुळें येथें देतों. कोपनहेगनचे प्राध्यापक क्रिश्चन बोर यांचें मत असें होतें कीं, फुप्फुसें प्राणवायु स्वतः खटपट करून रक्तांत ढकलतात. त्यांचाच शिष्य ऑगस्ट क्रोघ यानें आपली पत्नी मारी हिच्या मदतीनें १९१० सालीं काटेकोर मापनें करून दाखवून दिलें कीं, ढकलाढकलीची कांहीं गरज नाहीं. दाबाचा उतार तेवढा पुरतो. गुरूचा सिद्धांत शिष्याच्या हातून पडला. आमच्या अनेक विद्यार्थ्यांनीं आमच्या म्हणण्याला मान डोलावून उत्तम गुण मिळविले. आमचें म्हणणें खोडून काढणारा एकही निघाला नाहीं, ही आम्ही आजवर आमची थोरवी समजत आलों होतों. त्या सकाळीं आमचें म्हणणें खोडून काढणारी एक बाई भेटली, आणि आम्हीं तिचें ऐकलें नाहीं.

आतां मुख्य कोडें. रक्तांतला प्राणवायु इतका उतरला असतां दादांना दम कां लागत नव्हता? याचें उत्तर इंग्लंडांतील हॉल्डेन व प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनीं १९०५ मध्येंच देऊन ठेविलें होतें. श्वास कोंडला म्हणजे आपला जीव जो कासावीस होतो, तो मुख्यतः प्राणवायु कमी झाला म्हणून नव्हे. कर्बद्विप्राणिद सांचला म्हणून. मेंदूंतला पहारेकरी जमेकडे फारसा पाहत नाहीं, तो थकबाकी पाहतो. दादांचे पुष्कळसे वायुकोश सुजून पाण्यानें भरून गेले होते. प्राणवायूला आंत येण्याची वाट बंद होत चालली होती. पण वीस पट चपळ असलेला दुसरा वायु उरलेल्या कोशांतून बिनबोभाट बाहेर पडत होता. थकबाकी सांचत नव्हती, म्हणून पहारेकरी ओरडत नव्हता. आणखी एक गोष्ट अशी कीं, रक्ताची प्राणवायु धरून ठेवण्याची रीत आमच्या अजिंठ्याच्या डोंगरासारखी आहे: वर लांबच लांब पठार, आणि मग एकदम कडा. शेंकडा नव्वदापर्यंत उतरण जाणवत नाहीं. त्यापुढें पाऊल टाकलें कीं माणूस कोसळतो. सकाळीं आठ वाजतां दादा त्या कड्याच्या कांठावर मांडी घालून बसले होते.

त्यांच्या बोटाला लावलेला चिमटा या सगळ्याची साक्ष देत होता. रक्तांत प्राणवायु असला कीं तें लालभडक दिसतें, नसला कीं काळपट. या रंगभेदावरून तांबडा व अवरक्त प्रकाश बोटांतून पाठवून हिशेब करण्याची युक्ति ताकुओ आओयागी या जपानी संशोधकानें १९७४ च्या सुमारास शोधून काढली. हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्यें वारले, म्हणजे त्यांचा चिमटा जगभर घरोघर पोहोंचण्याच्या ऐन वेळीं. आजोबांच्या कंदिलाचें काम त्यांनीं बोटाएवढ्या पेटींत आणून ठेविलें होतें.

रुग्णालयांत आंत जाण्याची मनाई होती. पण एका खिडकीच्या कांचेंतून दादांची खाट दिसे. त्यांना पालथें निजविलें होतें. पाठीकडचे मिटलेले कोश त्यामुळें उघडतात व देवघेवीला जागा होते, असें सांगण्यांत आलें. आम्ही घड्याळ हातांत धरून त्यांच्या पाठीचें वर-खालीं होणें मोजीत असूं. पहिल्या रात्रीं मिनिटाला तीस भरले. आमच्या आजीला दासबोध तोंडपाठ होता. त्यांतल्या सतराव्या दशकांत अजपाचा समास आहे, आणि माणूस अहोरात्रांत एकवीस हजार सहाशें श्वास घेतो हा आंकडा आम्हीं तिच्याकडून लहानपणींच ऐकला होता. हा हिशेब समर्थांच्याही पूर्वीं योगग्रंथांतून चालत आलेला आहे. आम्हीं तो नेहमींच पुराणांतल्या मोठमोठ्या संख्यांपैकीं एक समजत आलों होतों. त्या रात्रीं रिकाम्या हातानें काय करावें म्हणून आम्हीं भागाकार केला. २१,६०० भागिले २४ म्हणजे ९००. भागिले ६० म्हणजे १५. मिनिटाला पंधरा! आजची वैद्यकाचीं पुस्तकें स्वस्थ माणसाला बारा ते वीस सांगतात. ज्यांनीं हा आंकडा पहिल्यानें मांडला, त्यांच्यापाशीं घड्याळ नव्हतें. पण कोणींतरी, केव्हांतरी, एका माणसाजवळ शांतपणें बसून मोजलें असलें पाहिजे. आमच्या जिल्ह्यांत जन्मलेल्या एका संतानें चारशें वर्षांपूर्वीं ज्या संख्येचा जप सांगितला, ती संख्या कांचेच्या या बाजूला बसून आम्ही दादांसाठीं मागत होतों. सहाव्या दिवशीं सव्वीस, आठव्या दिवशीं बावीस, आणि अकराव्या दिवशीं अठरा.

एक विचार त्या दिवसांत मनाला फार लागून राहिला. आपण जो उच्छ्वास टाकतों, त्यांत अजून शेंकडा सोळा-सतरा प्राणवायु शिल्लक असतो. घेतलेल्यापैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक आपण तसाच परत करतों. बुडालेल्या माणसाच्या तोंडांत फुंकर घालून त्याला वांचवितां येतें, तें याच कारणानें. एकाचें उच्छिष्ट दुसऱ्याचा प्राण होऊं शकतें. करोनाच्या वर्षीं याच उच्छ्वासाला आपण एकमेकांच्या भयानें तोंडें बांधून घेतलीं, आणि तें योग्यच होतें. पण हवा ही कोणाच्या मालकीची नसून सर्वांची सामाईक शिदोरी आहे, हें त्या भयानेंच आम्हांला शिकविलें. जालन्याला लोक सोन्याचा पाळणा म्हणत आले. गेल्या कांहीं दशकांत तो लोखंडाच्या भंगाराचा व सळयांचा झाला आहे. भट्ट्यांवर हजारों कुटुंबें जगतात, हें विसरून चालणार नाहीं. परंतु २०१९ मध्यें देशांतील हवा शुद्ध करण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम निघाला, त्याच्या यादींत महाराष्ट्रांतील ज्या शहरांचीं नांवें आलीं त्यांत आमचेंही आहे. धुळीचे अतिसूक्ष्म कण थेट त्या साडेसातशें चौरस फुटांच्या अंगणांत जाऊन बसतात, आणि तें अंगण झाडून काढावयास केरसुणी नाहीं. पूर्वीं आम्ही अशा बातम्या वाचून पान उलटीत असूं. आतां उलटवत नाहीं.

दादा घरीं आले. फुप्फुसांच्या खालच्या भागांत वण राहिले आहेत. ते भरून येणारे नाहींत, असें वैद्यांचें मत पडलें. साडेचौदा तास आधीं नेलें असतें तर हे वण झाले नसते काय, असें आम्हीं त्यांना विचारलें. ते चांगले गृहस्थ. म्हणाले कीं, असें निश्चित कोणालाच सांगतां येणार नाहीं. आम्हांला ती दया पुरेशी झाली नाहीं. आशाताईंच्या घरीं जाऊन आम्हीं आमची चूक कबूल केली. त्यांनीं चहा केला, आणि त्या वर्षीं त्यांचें म्हणणें न ऐकलेल्या घरांची नांवें न सांगतां नुसती बोटें मोडून दाखविलीं. एका हाताचीं पुरलीं नाहींत.

मोसंबीच्या बागेपर्यंतची वाट पूर्वीं दादा एका दमांत चालत. आतां ते वाटेंत लिंबाखालीं थांबतात. झाडाकडे पाहत पांच-दहा मिनिटें बसतात, आणि मग उठतात. उन्हांतलें झाड आपल्या अगदीं उलट देवघेव करीत असतें, हें आम्हीं त्यांना शिकविलें तेव्हां ते म्हणाले, “म्हणूनच त्याच्यापाशी बसतो.” त्यांनीं स्वतःचा एक चिमटा विकत घेतला आहे. पेव केव्हांच बुजलें. पण आजोबांचा कंदील माजघरांत ज्या खुंटीवर टांगलेला आहे, तिलाच एका दोऱ्यानें तो चिमटाही त्यांनीं अडकवून ठेविला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बोटाला ते तो हौसेनें लावतात.

आमच्या चुकीविषयीं त्यांनीं आजतागायत एक अक्षर काढलेलें नाहीं. मात्र गेल्या दिवाळींत त्यांनीं तो आमच्या बोटाला लावला. आंकडा आला ९७. तो त्यांनीं दोनदां वाचला, आमच्याकडे पाहिलें, आणि हंसून विचारलें, “काय बापू, आज यंत्र बरोबर हाय का?”

“बरोबर आहे, दादा,” आम्ही म्हणालों.